काखेत खाज, गावभर इलाज

लग्नसराई सुरू झाली की दवाखान्यात एक ठरावीक प्रसंग घडू लागतो. एखादी तरुण मुलगी किंवा मुलगा येतो, सर्दीचे औषध घेतो, पिशवी उचलतो आणि दारापर्यंत जाऊन परत फिरतो. "डॉक्टर, आणखी एक विचारायचं होतं..." मग नजर खाली. पुढचे वाक्य बहुतेक वेळा आम्हालाच पूर्ण करावे लागते. काखेतील केस काढले आणि तेव्हापासून आग, खाज, पुरळ. सांगायला लाज वाटते म्हणून दुखणे पंधरा दिवस अंगावर काढलेले असते आणि तेवढ्यात मैत्रीण, शेजारीण, औषधाचे दुकान असा सारा गाव फिरून झालेला असतो. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. इथे तर दुखणेच काखेत असते.

गेल्या वर्षी पंचवटीतून एक आई आपल्या कॉलेजातल्या मुलीला घेऊन आली. मावसबहिणीची हळद होती, बिनबाह्यांचे ब्लाउज शिवले होते. आदल्या संध्याकाळी मुलीने भावाचा दाढीचा रेझर उचलला, अंगाचा साबण जेमतेम फासला आणि घाईघाईत दोन्ही काखा साफ केल्या. लगेच सुगंधी फवारा मारला. जी आग झाली ती तिने दात-ओठ खाऊन सोसली. रात्री खाज सुटली. सकाळी कोणीतरी लिंबाची फोड चोळायला सांगितली. त्याने आणखी भडका उडाला, म्हणून औषधाच्या दुकानातून खाजेची ट्यूब आणली. ट्यूब लावताच खाज थांबली. बंद केली की पुन्हा सुरू. असे तीन महिने चालले. माझ्याकडे आली तेव्हा दोन्ही काखांतील त्वचा कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली होती आणि तिच्यावर लालसर, रुंद रेघा उमटल्या होत्या. बाळंतपणानंतर पोटावर दिसतात तशा. या रेघा काळाने फिकट होतात, पण पूर्ण जात नाहीत.

मूळ दुखणे काय होते? पात्याने झालेली किरकोळ इजा. हात न लावता सोडली असती तर दोन-तीन दिवसांत आपोआप बरी झाली असती. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

काखेतले केस काढणे ही काही सिनेमामुळे आलेली नवी टूम नव्हे. रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरला क्षौर करण्याची परंपरा आपल्या जिल्ह्याला नवी नाही. मालेगावात आणि इतरत्र मुस्लिम बांधवांमध्ये काखेतील केस चाळीस दिवसांच्या आत काढण्याचा प्रघात पूर्वापार आहे. तालमीतली मुले काढतात, व्यायामशाळेत जाणारी काढतात. स्त्रियांसाठी म्हणून खास रेझर अमेरिकेत १९१५ साली जिलेट कंपनीने बाजारात आणला आणि बिनबाह्यांच्या पोशाखाच्या जाहिरातींबरोबर ही सवय जगभर पसरली. तेव्हा यात लाजण्यासारखे काही नाही. चुकते ते तंत्र.

दाढी करणाऱ्या पुरुषाला वाटते, गालावर चालते ते काखेतही चालेल. पण काखेची जागा वेगळी आहे. तेथील त्वचा पातळ, घडीची, सदैव ओलसर आणि हात हलला की एकमेकींवर घासणारी. गालावरचे केस बहुधा एका दिशेने वाढतात. काखेत वरचे केस वर, खालचे खाली आणि मधले आडवे-तिडवे. त्यामुळे रेझर कसाही फिरवला तरी कुठेतरी तो उलट्या दिशेने जातोच. शिवाय पाते फक्त केस कापत नाही. त्वचेवर मृत पेशींचा एक अतिशय पातळ थर असतो. घराला छप्पर असते तसा तो आपल्याला राखतो. पाते फिरताना हे छप्पर जागोजागी खरवडले जाते. डोळ्यांना काही दिसत नाही, पण घाम आला की त्यातले मीठ त्या ओरखड्यांत उतरते आणि आग होते.

या न दिसणाऱ्या जखमांचा पुरावा हवा असेल तर शस्त्रक्रियेच्या टेबलाकडे पाहावे. पूर्वी ऑपरेशनच्या आदल्या रात्री रुग्णाचे केस वस्तऱ्याने साफ करण्याची पद्धत होती. स्वच्छतेसाठीच ती होती. पण ज्यांचे केस असे काढले त्यांच्या जखमेत पू होण्याचे प्रमाण अधिक आढळू लागले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९९९ साली आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली स्पष्ट सांगितले की शस्त्रक्रियेपूर्वी शक्यतो केस काढूच नयेत, काढावेच लागले तर यंत्राने कातरावेत, वस्तऱ्याने नव्हे. शिकलेल्या हातांनी केलेल्या कामाची ही गत, तर न्हाणीघरात एका हाताने, अर्ध्या उजेडात केलेल्या कामाचे काय होत असेल!

आगीचा पहिला प्रकार हा असा. ती लगेच होते आणि लवकर जाते. दुसरा प्रकार तीन-चार दिवसांनी दिसतो. तिरका कापला गेलेला केस टोकदार होतो आणि वाढताना बाहेर येण्याऐवजी वळून त्वचेतच घुसतो. शरीर त्याला काट्यासारखे परके मानते. मग बारीक, टणक, खाजणारी फोडी येते. कुरळ्या केसांच्या माणसांना हा त्रास जास्त. दोन-तीन पात्यांचे नवे रेझर गुळगुळीत काम करतात म्हणून आवडतात खरे, पण पहिले पाते केस किंचित ओढते आणि दुसरे तो कापते, मग कापलेले टोक त्वचेच्या पातळीखाली जाऊन बसते. ज्यांना अशा फोड्या येतात त्यांनी एका पात्याचा साधा रेझर वापरावा आणि इतके गुळगुळीत करण्याचा हट्ट सोडावा. तिसरा प्रकार जंतूंचा. केसांच्या मुळाशी पिवळ्या टोकाच्या पुटकुळ्या आल्या, दुखू लागल्या, तर स्टॅफिलोकॉकस नावाचे जंतू आत गेले असे समजावे. हे जंतू अनेकांच्या अंगावर असतातच. आपण फक्त त्यांना दार उघडून देतो.

आता करायचे कसे ते पाहू. केस लांब असतील तर आधी छोट्या कात्रीने कातरून घ्यावेत, नाही तर पाते अडकते आणि ओढ बसते. केस काढायचे ते आंघोळीच्या सुरुवातीला नव्हे, शेवटी. केसाला पाणी पिऊन मऊ व्हायला दोन-तीन मिनिटे लागतात. कोरडा केस चिवट असतो, भिजलेला सहज कापला जातो. नुसत्या अंगाच्या साबणाने पाते नीट सरकत नाही, आणि तो त्वचा कोरडी करतो. दाढीचे क्रीम लावून मिनिटभर थांबावे. बिनवासाचे मिळाले तर उत्तम. हात डोक्यामागे न्यावा म्हणजे काखेची त्वचा ताणली जाते आणि खळगा सपाट होतो. आरशात एकदा पाहून घ्यावे की केस कुठल्या बाजूला झुकले आहेत. त्या दिशेनेच हलक्या हाताने, आखूड फेऱ्या माराव्यात आणि प्रत्येक फेरीनंतर पाते पाण्यात धुवावे. एकाच जागेवर पुन्हा पुन्हा जाऊ नये. दाबून ओढायची गरज भासली तर समजावे की पाते बोथट झाले आहे.

पात्याबाबत आपल्या घरांत फार काटकसर चालते. चार-पाच वेळा वापरले की पाते टाकावे. ओल्या न्हाणीघरात कोपऱ्यात पडलेला रेझर गंजतो आणि त्यावर जंतू वाढतात. तो झटकून, कोरडा करून बाहेर ठेवावा. दुसऱ्याचा रेझर तर वापरूच नये, मग तो नवऱ्याचा असो, भावाचा की मैत्रिणीचा. पात्याला लागलेले रक्त डोळ्यांना दिसत नाही, पण त्यातून कावीळ ब आणि क पसरू शकते. केशकर्तनालयात किंवा रामकुंडावर क्षौर करून घेताना आपण नवे पाते समोर उघडून लावायला सांगतो. तोच आग्रह स्वतःच्या घरातही धरावा.

काम झाल्यावर काय? थंड पाण्याने धुवावे, मऊ सुती कापडाने टिपावे, पुसू नये. आग होत असेल तर थंड पाण्यात भिजवलेली घडी पाच-दहा मिनिटे ठेवावी. बहुतेकांना एवढे पुरते. फार कोरडे वाटले तर खोबरेल तेलाचा अगदी पातळ हात किंवा साधे पांढरे पेट्रोलियम जेली चालेल. घामाच्या दिवसांत त्याऐवजी कॅलामाइन लोशन बरे. कोरफड लावायची असेल तर पान कापल्यावर जो पिवळा चीक गळतो तो पूर्ण निथळू द्यावा, गर धुऊन घ्यावा. तो चीक स्वतःच खाज आणतो, हे अनेकांना ठाऊक नसते.

सुगंधी फवारा, पावडर आणि तुरटी मात्र त्या दिवशी नको. फवाऱ्यात अल्कोहोल असते आणि सुगंधी द्रव्ये असतात. शाबूत त्वचेवर ती खपतात, खरवडलेल्या त्वचेवर नाही. दाढीनंतर गालावर तुरटी फिरवण्याची जुनी रीत आहे. तुरटी रक्त थांबवते हे खरे, पण काखेत ती चरचरते आणि कोरडेपणा वाढवते. म्हणूनच केस रात्री काढावेत. रात्रभर त्वचेला विसावा मिळतो, घाम कमी असतो, आणि सकाळी फवारा मारायचा तर मारता येतो. समारंभासाठी काढायचे असतील तर आदल्या संध्याकाळी नव्हे, दोन दिवस आधी. लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट, पाण्यात न मिसळलेले जंतुनाशक द्रव, यांतले काहीही काखेत जाऊ नये. लिंबाने काखेचा काळेपणा जातो ही समजूत फार घट्ट आहे, तिच्याकडे पुढे येतो.

आपल्या भागातली एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. दिंडोरी, निफाड, पिंपळगावच्या द्राक्षबागांत विरळणीच्या आणि तोडणीच्या दिवसांत बायामाणसे दिवसभर मांडवाखाली हात वर करून उभी असतात. घाम दंडावरून काखेत उतरतो. भुरीसाठी बागेत गंधक मारलेले असते. त्याचे कण घामात मिसळून अंगाला लागतात. अशा वेळी आदल्या रात्री केस काढलेले असतील तर खाज सुटणारच. बागेत जायचे दिवस सोडून केस काढावेत, आतून सुती कापड असावे आणि घरी आल्याबरोबर आंघोळ करून कपडे बदलावेत. थंडीत प्रकार उलटा. निफाडकडे पारा पार खाली उतरतो, त्वचा आधीच कोरडी होऊन तडकते, आणि त्यात कडकडीत पाण्याची आंघोळ. त्या दिवसांत कोमट पाणी आणि वर सांगितलेला खोबरेल तेलाचा हात.

आता त्या ट्यूबकडे वळू, कारण खरे नुकसान तिथेच होते. दुकानात खाजेसाठी म्हणून मिळणाऱ्या अनेक मलमांत तीन-चार औषधे एकत्र असतात: एक बुरशीवरचे, एक जंतूंवरचे आणि एक जोरदार स्टेरॉइड. नळीवर बारीक अक्षरांत क्लोबेटासॉल, बीटामेथासोन अशी नावे वाचायला मिळतील. स्टेरॉइड हे वाईट औषध नव्हे. योग्य रोगात, योग्य जागी, मोजून दिले तर त्याच्यासारखे गुणकारी दुसरे नाही. पण जागा महत्त्वाची. १९६७ साली फेल्डमन आणि मायबाख या अमेरिकन संशोधकांनी शरीराच्या वेगवेगळ्या भागांतून हायड्रोकॉर्टिसोन किती शोषले जाते ते मोजले. हाताच्या पुढच्या भागातील आतल्या त्वचेच्या तुलनेत काखेतून ते साडेतीन पटींहून अधिक आत जात होते. त्यात काख म्हणजे झाकलेली घडी. वरून पट्टी बांधल्यासारखाच परिणाम. मनगटावर आठवडाभर जे सोसेल ते काखेत सोसत नाही. त्वचा पातळ होते, रेघा उमटतात, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात.

दुसरा तोटा याहून मोठा. ती खाज पात्याची नसून गजकर्णाची असेल तर स्टेरॉइडने खाज दबते आणि बुरशी मात्र निर्धास्त वाढते. गजकर्णाची ओळख म्हणजे गोल चट्टा, कडेला उंच आणि लाल, मध्ये बरा झाल्यासारखा. ट्यूब लावत राहिले की ही कडच पुसट होते आणि मग आम्हालाही रोग चटकन ओळखता येत नाही. गेल्या दशकभरात आपल्या देशात गजकर्ण चिवट झाले आहे. पूर्वी जे दोन-चार आठवड्यांत हटायचे त्याला आता महिने लागतात. या चिवट बुरशीच्या एका जातीला २०२० साली नावच मिळाले ट्रायकोफायटॉन इंडोटिनी, आणि नेहमीच्या टर्बिनाफिन औषधाला ती अनेकदा दाद देत नाही. देशाचे नाव अशा रीतीने गाजावे ही काही भूषणाची गोष्ट नाही. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने स्टेरॉइड मलमांच्या गैरवापराविरुद्ध मोहीम चालवली, आणि २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम आहे, तरीही "खाजेची ट्यूब द्या" एवढे म्हटल्यावर ट्यूब हातात पडते हा रोजचा अनुभव आहे. दुकानदारालाच दोष द्यावा असेही नाही, मागणारे आपणच असतो.

काखेतील प्रत्येक खाज पात्यामुळे नसते, हेही ध्यानात ठेवावे. एक सोपी खूण सांगतो. पुरळ काखेच्या अगदी खळग्यात असेल तर फवारा, अत्तर किंवा केस काढायचे मलम यांवर संशय घ्यावा. खळगा स्वच्छ आणि कडेने, जिथे ब्लाउजची शिवण घासते तिथे पुरळ असेल, तर कापडाचा रंग दोषी असण्याचा संभव जास्त. नवे कपडे धुऊन घालावेत ते यासाठीच. केस काढायच्या मलमांत थायोग्लायकोलेट नावाचे रसायन केस विरघळवते, आणि केस व त्वचा दोन्ही केराटिनचीच असल्याने ते थोडे त्वचेलाही खाते. कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून एक दिवस वाट पाहिल्याशिवाय ते काखेत लावू नये, आणि पाते फिरवलेल्या जागी तर मुळीच नको.

काळेपणाचे म्हणाल तर वारंवार घासण्याने थोडा रंग गडद होतो हे खरे. पण काख आणि मान दोन्ही काळवंडली असतील, त्वचा मखमलीसारखी जाड लागत असेल, वजनही वाढले असेल, तर लिंबू ठेवून द्यावे आणि रक्तातील साखर तपासावी. हा पुष्कळदा शरीरातील इन्सुलिनचे काम बिघडल्याचा बाहेरचा फलक असतो. काखेत पुन्हा पुन्हा गळवे येत असतील, ज्याला आपल्याकडे काखमांजरी म्हणतात, तरीही साखर पाहावी. तीच जागा वारंवार फुटून आत नळ्या आणि व्रण धरू लागले तर तो वेगळा, दीर्घकाळ चालणारा विकार असतो आणि त्याला नुसते चिरून भागत नाही. एक-दोन फोड्याच असतील तर कोमट पाण्याचा शेक द्यावा, सुईने केस उकरू नये आणि महिनाभर पाते बाजूला ठेवावे. ताप आला, लाली पसरू लागली, पू वाहू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर.

आणि गाठ. केस काढताना हाताला काखेत गाठ लागली तर "पात्याने आली असेल" म्हणून सोडून देऊ नये. हातावर जखम असेल तर काखेतली लसिकाग्रंथी सुजते आणि जखमेबरोबर ओसरते, हे खरे. पण दोन-तीन आठवड्यांत न जाणारी, कडक, न दुखणारी गाठ, विशेषतः स्त्रियांमध्ये, तपासूनच घ्यावी. स्तनातील विकाराची पहिली खूण कधी कधी काखेत मिळते. दुखत नाही म्हणून निश्चिंत राहणाऱ्या भगिनीच उशिरा येतात.

केस काढले की ते दाट येतात, ही भीती मात्र निराधार आहे. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ सालीच दाढी करणाऱ्यांचे केस तपासून दाखवले होते की त्याने केसांची जाडी वा वाढीचा वेग बदलत नाही. कापलेले टोक बोथट असते, म्हणून ते राठ लागते, इतकेच.

त्या पंचवटीच्या मुलीच्या आईने जाताना विचारले, "मग केस काढायचेच नाहीत का?" प्रश्न रास्त आहे. वैद्यकीयदृष्ट्या ते काढलेच पाहिजेत असे नाही. घामाचा वास घामाला नसतो, घामावर वाढणाऱ्या जंतूंमुळे येतो. केस कमी असले की धुणे सोपे होते आणि वास काही काळ कमी वाटतो. तेवढ्यासाठी गुळगुळीत करायची गरज नसते. कात्रीने किंवा ट्रिमर यंत्राने केस अगदी आखूड ठेवले तरी काम भागते, आणि त्वचेला पाते लागतच नाही. मी तिला तेच सांगितले. ट्यूब बंद केल्यावर पहिले काही आठवडे खाज उसळली, तेव्हा ती दोनदा घाबरून आली. साधे लोशन आणि थंड घड्या यांवर तिला धीर द्यावा लागला. चार महिन्यांनी त्वचा पुष्कळ सावरली. रेघा आहेत, पण आता पांढुरक्या झाल्या आहेत. दिवाळीनंतर दुसऱ्या मावसबहिणीचे लग्न आहे. ब्लाउजला या वेळी छोट्या बाह्या आहेत आणि घरात एक ट्रिमर आला आहे. तो भावाने पळवू नये म्हणून आईने कपाटात ठेवला आहे, असे कळते.